उघडी संहिता आणि तिचे राखणदार

संगणकाचा प्रोग्रॅम माणूस लिहितो तेव्हा तो वाचता येण्याजोग्या ओळींत असतो. या ओळींना मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात, आणि त्यांचे यंत्राला उमगणाऱ्या रूपात रूपांतर झाले की आत नेमके काय चालले आहे हे कळणे जवळपास अशक्य होते. बहुतेक व्यापारी कंपन्या ग्राहकाच्या हाती हे दुसरे रूपच देतात. याउलट ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली असते, आणि ते वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व बदललेली प्रत पुढे देण्याचा हक्क ज्याच्या परवान्यातच लिहून दिलेला असतो, ते मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअर. प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा या हक्कांकडे ते नीतीचा प्रश्न म्हणून पाहत होते. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री आणि इतर प्रोग्रॅम यांना जोडणारा गाभा, जगापुढे ठेवला, आणि १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आले. आज अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतात, आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे. असे सॉफ्टवेअर वापरावे की नाही हा वाद त्यामुळे मागे पडला आहे. ते राखायचे कोणी, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि गेल्या दहा-बारा वर्षांतील महत्त्वाच्या घडामोडी त्याच प्रश्नातून निघालेल्या आहेत.

परवान्यातील हक्क व्यवहारात कसे उपयोगी पडतात, हे ग्रंथालयांच्या उदाहरणावरून चांगले कळते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ भागातील सार्वजनिक ग्रंथालयांची जुनी संगणकप्रणाली सन २००० च्या तारखा पेलू शकणार नाही, अशी धास्ती होती. म्हणून तेथे ‘कोहा’ ही नवी प्रणाली लिहून घेण्यात आली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि खुल्या परवान्याखाली सर्वांना देण्यात आली. ग्रंथांची नोंद, देवघेव, दंड, खरेदी ही सारी कामे ती करते, आणि महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांची ग्रंथालयेही ती वापरतात. परवान्याचे शुल्क पडत नाही हा लाभ चटकन नजरेत भरतो, पण त्याहून मोलाचा लाभ असा, की सेवा पुरवणारी कंपनी बदलली किंवा बंद पडली तरी ग्रंथालयाच्या नोंदी अडकून पडत नाहीत आणि तीच प्रणाली दुसऱ्या कोणाकडून चालवून घेता येते. मुंबईतील फ्रॅपे या कंपनीने घडवलेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही हिशेब, साठा आणि विक्री एकत्र सांभाळणारी प्रणालीही मुक्तस्रोत आहे. ती कोणालाही स्वतःच्या संगणकावर चालवता येते, आणि कंपनीचे उत्पन्न ती चालवून देण्याच्या सेवेतून येते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण म्हणजे त्याच्या समोरचा मजकूर. संगणकात देवनागरी मजकूर सुट्या वर्णांच्या क्रमाने साठवलेला असतो, आणि पडद्यावर दाखवताना त्या क्रमातून जोडाक्षर घडवावे लागते. ‘दर्या’ या शब्दात र चा रफार होतो, तर ‘दऱ्या’ या शब्दात त्याच र ची आडवी वेलांटीसारखी खूण होते, आणि हा भेद चुकला तर डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र होतो. हा भेद अचूक उमटवण्याचे काम अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांत ‘हार्फबझ’ नावाचा एकच मुक्तस्रोत घटक करतो. त्याच्या जोडीला अक्षरे रेखाटणारा फाँट लागतो, आणि तेथेही मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या ‘मुक्त’सारखे फाँट खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे असतात. मजकूर मराठी आहे अशी खूण असल्यास ही वळणे आपोआप दाखवण्याची सोय काही खुल्या फाँटांत आहे, आणि ज्यांत नाही त्यांत ती कोणीही जाणकार परवान्याच्या अटी पाळून घालू शकतो. छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखणारे ‘टेसरॅक्ट’ हे सॉफ्टवेअर ह्यूलेट-पॅकार्डने घडवले, ते २००५ मध्ये खुले झाले आणि आज ते मराठीही वाचते. जुन्या छापखान्यांचे खिळे ओळखताना ते चुकते, पण त्याला नव्या नमुन्यांवर शिकवण्याची मुभा असल्यामुळे जुन्या मराठी ग्रंथांचे काम कोणा परक्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. लहान बाजारपेठेच्या भाषेसाठी ही मुभा अनमोल आहे.

परंतु जी संहिता कोणीही वाचू शकतो, ती कोणीतरी वाचतोच असे नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला तेव्हा याची पहिली मोठी जाणीव झाली. बँका, दुकाने आणि टपालसेवा यांच्या संकेतस्थळांवरील संवाद गुप्त राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या घटकात तो दोन वर्षे दडून होता, आणि ज्या घटकावर एवढी उलाढाल विसंबून होती त्याला त्या काळी वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलरच देणगी मिळत असे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या, प्रोग्रॅमच्या कामकाजाची नोंद ठेवणाऱ्या घटकातील दोषाने असाच हाहाकार उडवला. त्याची देखभालही प्रामुख्याने स्वयंसेवकच करत होते.

या दोन्ही घटनांत चूक अनवधानाने झाली होती. २०२४ मध्ये मात्र कोणीतरी ठरवून घात केला, आणि तो प्रसंग तपशिलाने समजून घेण्यासारखा आहे. ‘एक्सझेड’ हा माहिती दाबून लहान करणारा एक छोटा घटक लिनक्सच्या जवळपास प्रत्येक वितरणात, म्हणजे कर्नल आणि इतर प्रोग्रॅम एकत्र करून दिलेल्या संचात, असतो, आणि त्याची राखण वर्षानुवर्षे एकच व्यक्ती फावल्या वेळात करत होती. ‘जिया टान’ या नावाने वावरणारी एक व्यक्ती, किंवा कदाचित एक गट, २०२१ पासून या क्षेत्रात दिसू लागली आणि एक्सझेडला उपयुक्त दुरुस्त्या पुरवू लागली. त्याच सुमारास इतर काही अनोळखी नावांनी, काम फार सावकाश चालले आहे, नवा साथीदार नेमा, असा तगादा मूळ राखणदारामागे लावला. थकलेल्या माणसाला मदतीचा हात हवाच होता. हळूहळू जिया टानला नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे अधिकार मिळाले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, चाचणीसाठी ठेवलेल्या निरुपद्रवी भासणाऱ्या फायलींच्या आडून, एक चोरदरवाजा बसवलेला होता: विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला दूरवरच्या सर्व्हरवर, प्रवेशाची ओळख न पटवता, हव्या त्या आज्ञा चालवता आल्या असत्या. त्या फायलींतून दरवाजा उभा करणारी ओळ तर सर्वांपुढे मांडलेल्या संहितेत नव्हतीच. ती वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढी घातलेली होती.

हा चोरदरवाजा सापडला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या चिकाटीमुळे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आणि पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसच्या विकासात सहभागी असलेले फ्रॉइंड वेगाची मोजमापे घेत असताना, दूरवरून संगणकात शिरण्याच्या प्रक्रियेला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्यांना आढळले. अनेकांनी सोडून दिली असती अशी ही बाब त्यांनी मुळापर्यंत नेली आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे पुरावे जाहीर केले. वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांपलीकडे, बँका आणि रुग्णालये वापरतात त्या स्थिर आवृत्त्यांत, चोरदरवाजा असलेला हा घटक पोहोचण्यापूर्वीच मागे घेतला गेला. संहिता खुली नसती तर फ्रॉइंड यांना माग काढताच आला नसता, हे खरे. पण राखणदार एकटा आणि विनावेतन नसता तर घातकी माणसाला आत शिरणे इतके सोपे गेले नसते, हेही तितकेच खरे आहे, आणि या प्रसंगाकडे पाहताना दुसऱ्या सत्याकडे डोळेझाक करणे धोक्याचे ठरेल.

पैशाचा प्रश्न काही कंपन्यांनी वेगळ्या वाटेने सोडवू पाहिला. मार्च २०२४ मध्ये ‘रेडिस’ या अतिशय वेगवान डेटाबेसच्या कंपनीने, मोठ्या क्लाउड कंपन्या फुकट लाभ उठवतात म्हणून, पुढच्या आवृत्त्यांसाठी खुला परवाना काढून घेतला. काही दिवसांतच आधीच्या खुल्या आवृत्तीपासून ‘व्हॅल्की’ ही स्वतंत्र शाखा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली निघाली, आणि मे २०२५ मध्ये रेडिसने खुला परवाना पुन्हा देऊ केला. एकदा दिलेला हक्क मागे घेता येत नाही, ही या परवान्यांची ताकद त्यातून दिसली. तरीही कंपनीची मूळ तक्रार अनाठायी होती असे म्हणता येणार नाही.

सरकारे आणि उद्योगही आता हा भार उचलू लागले आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये सोव्हरेन टेक फंड सुरू करून पायाभूत घटकांच्या देखभालीसाठी सरकारी पैसा दिला; भारतात झिरोधा या दलाली कंपनीने २०२४ मध्ये जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. भारत सरकारच्या २०१५ च्या धोरणाने शासकीय प्रणालींत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले खरे, पण प्राधान्य देणे आणि राखणदाराचे वेतन देणे यांत अंतर आहे, आणि हे अंतर आपल्या कार्यालयांच्या व महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकांत अजून जाणवते: शुल्क वाचले म्हणून सॉफ्टवेअर निवडले जाते, आणि वाचलेल्या पैशातील काही भाग दुरुस्ती, प्रशिक्षण किंवा मूळ प्रकल्पाकडे जावा असे लेखाशीर्षच नसते.

युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्यातील बहुतेक बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. सॉफ्टवेअर असलेले उत्पादन युरोपात विकणाऱ्याला त्यातील घटकांची यादी ठेवावी लागेल, मुक्तस्रोत घटक काळजीपूर्वक पारखून घ्यावे लागतील, आणि एखाद्या घटकात दोष आढळल्यास तो त्याच्या राखणदाराला कळवावा लागेल. दुरुस्ती स्वतः केली असेल तर तीही त्याच्या हवाली करावी लागेल. मोबदला न घेता काम करणाऱ्या स्वयंसेवकावर मात्र उत्पादकाची जबाबदारी टाकलेली नाही. पुण्यात घडून जर्मनीत विकल्या जाणाऱ्या यंत्रालाही हाच कायदा लागू होणार असल्याने, येथील अभियंत्यांना एक्सझेडसारख्या घटकांच्या राखणदारांशी प्रथमच कायद्याने बांधलेला संबंध ठेवावा लागणार आहे.