‘सुपरसीड’मध्ये ‘एस’ का?

आज आपण एकच इंग्रजी क्रियापद घेऊ : सुपरसीड. उच्चार सोपा, पण लिहिताना शिकली-सवरलेली माणसंही चुकतात. शेवटचा भाग ते सी-ई-डी-ई असा लिहितात. बरोबर आहे एस-ई-डी-ई.

चूक का होते? कारण शेजारी सगळे ‘सी’वाले. प्रिसीड, रिसीड, कन्सीड, इंटरसीड. एक्सीड, प्रोसीड, सक्सीड या तिघांत दोन ‘ई’ येतात, पण ‘सी’ कायमच. या सर्वांच्या मुळाशी लॅटिन ‘केदेरे’ आहे, म्हणजे जाणे, मागे सरणे. सुपरसीड मात्र ‘सेदेरे’पासून आला, म्हणजे बसणे. ‘सुपर’ म्हणजे वर. वर बसणे!

हा ‘सेदेरे’ आपल्याला परका नाही बरं का. संस्कृत ‘सद्’ धातू त्याचाच भाऊबंद. सदन, संसद, परिषद, उपनिषद या सगळ्यांत तोच बसलेला आहे.

लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ होता एखादी गोष्ट न करणे, तिच्यापासून दूर राहणे. म्हणूनच कामकाज थांबवण्याच्या न्यायालयीन आदेशाला ‘सुपरसीडियस’ म्हणतात. ‘जुन्याची जागा घेणे’ हा आजचा अर्थ इंग्रजीत नंतर रुळला.

आता अर्थाकडे नीट पाहू. ‘रद्द करणे’ आणि ‘सुपरसीड करणे’ एक नव्हे. नुसतं रद्द केलं तर खुर्ची रिकामी राहू शकते. सुपरसीडमध्ये तिच्यावर दुसरा कोणीतरी बसतो. म्हणून नव्या आदेशाने जुना सुपरसीड झाला असं वाचलं, की लगेच विचारावं : जुन्यातलं काय नव्यात आलं आणि काय गळलं? आपलं पेन्शन, आपली सवलत कित्येकदा या एका शब्दावर अवलंबून असते.

भारतात याला आणखी एक छटा आहे, ज्येष्ठाला डावलण्याची. १९७३ साली न्यायमूर्ती शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर यांना डावलून न्यायमूर्ती अजितनाथ रे सरन्यायाधीश झाले. इंग्रजी वृत्तपत्रांत तेव्हा हाच शब्द गाजला.

गंमत पाहा. आपल्या शासन निर्णयांत यासाठी ‘अधिक्रमित’ लिहितात. ‘क्रम’ म्हणजे पाऊल टाकणे. तेव्हा अधिक्रमित म्हणजे ओलांडले गेलेले. इंग्रजी बसतं, मराठी चालतं! ‘सी’ लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा हे चालणंच असतं.

तेव्हा लिहिताना इतकंच आठवावं : इथे कोणी जात नाही, कोणीतरी येऊन बसतो. संसदेतला ‘स’, तोच सुपरसीडमधला ‘एस’.