सहा इंचाला सहा फूट

सकाळचे साडेसात. पुण्यातला एक गजबजलेला चौक. फुटपाथच्या कोपऱ्यावर नव्याने केलेल्या उतारावरचं ओलं गोणपाट मिस्त्री उचलतो. "या ताई, बघा चढून."

व्हीलचेअरवरच्या बाई रस्त्यावरून उताराच्या तोंडाशी येतात. पुढची लहान चाकं तिथंच अडतात. मिस्त्री टेप लावतो. "सहा सूत." म्हणजे पाऊण इंच. तेवढ्यावरून आपण गप्पा मारत चालून जातो.

"पाणी वर येऊ नये म्हणून ठेवलंय."

"पाण्याला जाळी आहे की. इथं रस्ता आणि उतार एकसारखे लागायला हवेत."

बिगारी पोरगा मागून जोर लावून खुर्ची वर घेतो. अर्ध्यावर पुढची चाकं हवेत उचलली जातात. तो घट्ट धरतो म्हणून बरं. फुटपाथ सहा इंच उंच आणि उतार जेमतेम तीन फुटांचा.

"इंचाला फूट," ताई सांगतात. "सहा इंचाला सहा फूट." मिस्त्री मोबाइलवर नकाशा मोठा करून बघतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात १:१२ लिहिलेलंच आहे.

"पण ताई, फुटपाथच सहा फूट रुंद. सगळा उतारातच गेला तर सरळ चालणाऱ्यानं जायचं कुठून?"

प्रश्न बरोबर आहे. ताई गप्प होतात. मिस्त्री उकिडवा बसून फुटपाथची लांबी न्याहाळतो. "आख्खा कोपराच खाली घेऊ. फुटपाथ दोन्ही बाजूंनी सावकाश उतरत येईल."

तेवढ्यात गल्लीतून पांढरी काठी टेकत एक तरुण येतो. काठी उतारावरून सरकत थेट डांबरावर जाते. रिक्षाचा हॉर्न वाजतो आणि तो दचकून थांबतो. "इथं पायरी होती ना?" ताईंना अडवणारी जुनी पायरी हीच त्याची खूण होती.

भिंतीला ठिपक्यांच्या पिवळ्या फरशा टेकवलेल्या आहेत. १९६७ साली जपानच्या ओकायामात अशा फरशा पहिल्यांदा बसल्या, त्या अंध माणसांसाठीच. इथं त्या शेवटी लावायच्या म्हणून पडून आहेत. मिस्त्री दोन उचलून उताराच्या तोंडाशी ठेवतो. तरुण चपलेनं दाबून बघतो. "हां, आता कळतं. पण पूर्ण रुंदीभर लावा, मी दर वेळी मधूनच येईन असं नाही."

एक स्कूटर सिग्नल चुकवायला उतारावरून वर घुसते. मिस्त्री ओरडतो, "खांबच ठोकतो!"

"ठोका, पण दोन खांबांत तीन फूट सोडा," ताई म्हणतात. मिस्त्री त्यांच्या खुर्चीला टेप लावतो: सव्वीस इंच. "वरून कोपरं लागतात," त्या हात पसरून दाखवतात.

तो खडूनं कर्बवर आकडे मांडतो आणि पोराला छिन्नी आणायला धाडतो. "समोरचा कोपरा परवा ओततोय. ओतायच्या आधी येता का, ताई?"

"सातला येते. आणि यांनाही बोलवा."