फोन आणि लिनक्स संगणक यांची जोडणी : दोषनिदानाचा एक क्रम

बोलींचा अभ्यास करणाऱ्यास आज स्वतंत्र ध्वनिमुद्रणयंत्र बाळगण्याची फारशी आवश्यकता राहिलेली नाही. खिशातील फोन ते काम पुष्कळ अंशी पुरे पाडतो. तथापि फोनमध्ये मुद्रण झाले म्हणजे ते अभ्यासकाच्या हाती आले, असे मात्र म्हणता येत नाही. ते संगणकावर उतरवून घ्यावयाचे, त्याची आणखी एक प्रत करावयाची आणि मग विश्लेषणास बसावयाचे, असा क्रम असतो. या क्रमातील पहिलीच पायरी कधी कधी मोडते. फोन व संगणक एकमेकांस ओळखण्याचे नाकारतात, आणि संगणक लिनक्स प्रणालीचा असल्यास साहाय्यास येणारा जाणकार जवळपास असेलच असे नाही. या अडचणीचे निदान कोणत्या क्रमाने करावे, ते एका प्रत्यक्ष प्रसंगाच्या आधारे सांगण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रसंग नायगाव येथील आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत ज्या चाळी उभारल्या, त्यांपैकी ४२ नायगावात होत्या. तळमजला व वर तीन मजले, मधून जाणारा बोळ, त्याच्या दोन्ही अंगांस सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या, अशी त्यांची रचना. या चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत होत असून रहिवासी टप्प्याटप्प्याने खोल्या सोडून जात आहेत. नवे घर मोठे मिळेल, हे खरे. परंतु कोकणातून व घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या भाषा ज्या बोळात एकमेकींत मिसळल्या, तो बोळ राहणार नाही. बोली शेजारावर जगते. म्हणून खोल्या रिकाम्या होण्यापूर्वी जेवढे बोलणे टिपून ठेवता येईल तेवढे ठेवावे, या हेतूने आम्ही तेथे जात होतो.

तेथील एका आजींनी आम्हांस एक तासाचे बोलणे दिले. भोंगा, रातपाळी, बदली कामगार, खाणावळ, १९८२ चा संप आणि त्यानंतरची वर्षे, असा तो ओघ होता. निघताना त्यांनी विचारले, "मास्तर, माझं बोलणं त्यात नीट राहिलं ना?" मी होय म्हणालो. त्याच रात्री विभागातील संगणक माझ्या फोनशी जोडला जाईना. मुद्रणाची दुसरी प्रत नव्हती, आणि आजी पुढील आठवड्यात खोली सोडणार होत्या.

येथे कोणी विचारील, की एवढा खटाटोप कशासाठी? ध्वनिसंदेश म्हणून ते कोणास पाठविले असते तर काम झाले नसते काय? त्यास दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की मुद्रण विभागाबाहेर जाणार नाही असा शब्द आम्ही दिला होता. दुसरे शास्त्रीय आहे. मराठीत 'जग' हा एकच लिखित शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो. विश्व या अर्थी त्यातील 'ज' तालव्य असतो. 'जगणे' या क्रियापदाच्या आज्ञार्थी तो दंततालव्य असतो. हा भेद व्यक्त करणारी ध्वनिशक्ती बव्हंशी वरच्या कंप्रतांत असते. ध्वनिसंदेश पाठविताना आवाज आकुंचित केला जातो, आणि अशा सूक्ष्म भेदांच्या मापनास तो मग भरवशाचा राहत नाही. याच कारणाने फोनवरील आवाज ब्लूटूथवरून वाजवून संगणकावर पुन्हा मुद्रित करण्याचाही मार्ग धरू नये. हँड्सफ्रीच्या मूळ पद्धतीत सेकंदास ८००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४००० हर्ट्झच्या वरचे काहीही उरत नाही. मूळ फाइलच जशीच्या तशी आली पाहिजे.

आता जोडणी म्हणजे काय, ते पाहू. ब्लूटूथ ही २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्प पल्ल्याची रेडिओसंपर्क पद्धती होय. दोन यंत्रे प्रथम भेटतात तेव्हा ती एक गुप्त किल्ली संयुक्तपणे तयार करतात. दोहोंच्या पडद्यांवर सहा अंकी संख्या दिसते. ती सारखीच आहे असे माणसाने दोन्हीकडे मान्य केले, की ती किल्ली फोन आपल्यापाशी व संगणक आपल्यापाशी जपून ठेवतो. यापुढील प्रत्येक भेटीत किल्लीवरून ओळख पटते. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. जोडणी ही दोन्ही बाजूंच्या स्मृतीत राहणारी वस्तू आहे. एका बाजूस आठवण आहे व दुसरीस नाही, अशी स्थिती झाल्यास संपर्क होत नाही. पुष्कळशा तक्रारींचे मूळ येथेच सापडते.

तथापि लगेच त्या निष्कर्षावर उडी घेऊ नये. भाषाशास्त्रात आपण दोन ध्वनींतील भेद तपासताना बाकीचे सर्व स्थिर ठेवून एकच घटक बदलतो. दोषनिदानातही तेच पथ्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि खालून वर जावे : प्रथम यंत्र, मग त्यास चालविणारी सेवा, मग ओळख, आणि शेवटी फाइलीची देवघेव.

पहिली पायरी यंत्राची. संगणकातील रेडिओ बंद तर नाही ना, हे पाहावे. त्यासाठी टर्मिनल उघडून एक आज्ञा द्यावयाची असते. येथे आज्ञांचा उच्चार देवनागरीत दिला आहे. त्या लहान रोमन अक्षरांत टंकाव्यात. 'आरएफकिल लिस्ट' ही ती आज्ञा. त्यात आर, एफ ही अक्षरे व किल हा शब्द जोडून लिहावयाचा असतो. उत्तरात 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे होकार असेल तर बंदी प्रणालीने घातलेली आहे. 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ' या आज्ञेने ती उठते. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे होकार असल्यास ती बहुधा संगणकावरील एखाद्या बटणाची असते, आणि आज्ञेने ती उठत नाही. यादीत ब्लूटूथचे नावच नसेल तर प्रणालीस तो रेडिओ सापडलेला नाही. अशा वेळी 'डीमेसेज' या आज्ञेने, म्हणजे डी, एम, ई, एस, जी ही अक्षरे टंकून, गाभ्याची नोंदवही उघडावी व फर्मवेअर न मिळाल्याची तक्रार तीत आहे काय ते पाहावे. असल्यास वितरणातील फर्मवेअरचा संच स्थापित करून संगणक पूर्ण बंद करावा आणि मग पुन्हा चालू करावा.

दुसरी पायरी सेवेची. लिनक्समध्ये ब्लूटूथचा व्यवहार 'ब्लूझेड' हा आज्ञावलीसंच पाहतो. २००१ पासून तो लिनक्सच्या गाभ्याशी निगडित आहे. 'सिस्टमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ' या आज्ञेच्या उत्तरात 'ॲक्टिव्ह' हा शब्द यावयास हवा. न आल्यास त्याच आज्ञेत 'स्टेटस'च्या जागी 'स्टार्ट' घालावे. त्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो.

तिसरी पायरी दर्शनाची. दोन्ही यंत्रे सुस्थितीत असूनही ती एकमेकांस दिसत नाहीत, असे होते. अँड्रॉइड फोन सामान्यतः ब्लूटूथच्या सेटिंगचे पान उघडे असेपर्यंतच इतरांस दिसतो. लिनक्स संगणकही ब्लूझेडच्या मूळ मांडणीनुसार १८० सेकंदच दृश्य राहतो. म्हणून दोन्हीकडील पाने एकाच वेळी उघडी ठेवावीत. अंतर हाताच्या टप्प्यातले असावे. काँक्रीटच्या भिंतीआड किंवा वाय-फायच्या गर्दीत हा दुबळा संदेश क्षीण होतो. ब्लूटूथचा छोटा खुंटा यूएसबी-३ च्या तबकडीस लागून बसविला असेल तर तो दूर न्यावा. त्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो.

चौथी पायरी ओळखीची. चित्रमय खिडकीतून जोडणी न झाल्यास 'ब्लूटूथसीटीएल' हे साधन उघडावे, म्हणजे ब्लूटूथ या शब्दास सी, टी, एल ही अक्षरे जोडून टंकावीत. त्यात क्रमाने 'पॉवर ऑन', 'एजंट ऑन', 'डिफॉल्ट-एजंट' आणि 'स्कॅन ऑन' असे द्यावे. एजंट म्हणजे सहा अंकी संख्या माणसास दाखवून त्याचा होकार आणणारा मध्यस्थ. तो नसला तर विचारणा कोणापर्यंत पोहोचतच नाही, आणि ओळख नाकारली गेल्याचा संदेश येतो. फोनचा पत्ता यादीत आला, की 'पेअर' व नंतर 'ट्रस्ट' ही आज्ञा त्या पत्त्यासह द्यावी. संख्या ताडून दोन्हीकडे होकार द्यावा. संख्या भिन्न असल्यास होकार कदापि देऊ नये. आपण भलत्याच यंत्राशी बोलत असण्याचा संभव असतो.

माझी अडचण या चौथ्या पायरीवर होती. परंतु मी आरंभ तेथून केला नाही, आणि क्रमानेही केला नाही. तीन संध्याकाळी मी कधी फोन दोषी ठरविला, कधी रेडिओ, कधी लिनक्स. फोनच्या यादीत संगणकाचे नाव दिसे. त्यावर बोट ठेवताच पिन किंवा पासकी चुकीची असल्याचा संदेश येई. वास्तविक मी कोणताही पिन टंकला नव्हता. उलगडा झाला तो असा. विभागातील त्या संगणकावर दोन प्रणाली आहेत. काही महिन्यांपूर्वी मी फोन त्याच संगणकाशी, परंतु दुसऱ्या प्रणालीतून जोडला होता. दोन्ही प्रणाली एकच रेडिओ वापरतात, म्हणून फोनला दोघींचा पत्ता एकच दिसतो. मात्र किल्ली ज्या प्रणालीने केली तिच्याचपाशी राहते. फोन जुनी किल्ली पुढे करीत होता, आणि लिनक्सला ती ठाऊकच नव्हती. लिहिताना 'जग' एकच, उच्चारात दोन. येथे पत्ता एकच, स्मृती दोन.

उपाय सोपा ठरला. फोनमध्ये संगणकाच्या नावापुढील 'फर्गेट' निवडले. संगणकात 'रिमूव्ह' ही आज्ञा फोनच्या पत्त्यासह दिली. मग दोन्ही नव्याने भेटली आणि पहिल्याच प्रयत्नात जोडली गेली. विसरणे दोन्हीकडून व्हावे, यावर माझा विशेष भर आहे; एकाच बाजूने पुसले तर तीच विषमता पुन्हा उभी राहते. संगणकावर लिनक्स नव्याने स्थापित केल्यानंतर अथवा फोन मूळ स्थितीत आणल्यानंतरही हाच दोष उद्भवतो. दोन्ही प्रणालींतून फोन वापरावयाचाच असेल तर एकीतील किल्ली दुसरीत उतरविता येते. लिनक्स ती 'वार-लिब-ब्लूटूथ' या संग्रहात ठेवते. तथापि ते काम जाणत्याच्या देखरेखीखाली करावे.

पाचवी पायरी देवघेवीची. जोडणी झाल्यावर संपर्क क्षणभर जुळून तुटल्यासारखा दिसला, तर तो दोष समजू नये. मागितलेले काम नसेल तर संपर्क टिकत नाही. फोनवरील फाइल 'शेअर'मधून ब्लूटूथकडे द्यावी. संगणकावर ग्नोम हा पृष्ठभाग असल्यास ब्लूटूथचे पान उघडे ठेवावे, कारण तो तेवढ्यापुरतीच फाइल स्वीकारतो. वेळाचाही अंदाज असावा. सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि एकच वाहिनी, अशा असंकुचित मुद्रणाचा एक तास सुमारे ३१७ मेगाबाइट भरतो. सेकंदास दोन मेगाबिट एवढा चांगला वेग मिळाला तरी त्यास एकवीस मिनिटे लागतात.

वाय-फायवरून चालणाऱ्या 'केडीई कनेक्ट'चीही थोडी माहिती द्यावयास हवी. त्यातही परस्पर ओळख हेच तत्त्व आहे, आणि एका बाजूने विसरल्यास तोच घोळ होतो. त्याशिवाय दोन कारणे तेथे अधिक संभवतात. फोन व संगणक एकाच जाळ्यात असावे लागतात. महाविद्यालयांच्या किंवा पाहुण्यांसाठीच्या जाळ्यांत यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. तसेच संगणकाच्या संरक्षक भिंतीत १७१४ ते १७६४ ही द्वारे टीसीपी व यूडीपी या दोन्ही पद्धतींसाठी मोकळी असावी लागतात.

आणि घाई असेल तर तार बरी. फोन तारेने जोडल्यावर तो बहुधा केवळ विद्युत्‌भार घेतो. पडद्यावरील सूचनेतून 'फाइल ट्रान्सफर' निवडावे लागते. तरीही काही न दिसल्यास तार बदलून पाहावी, कारण काही तारांत माहिती वाहणारे धागेच नसतात. त्या तीन संध्याकाळी मजजवळ नेमकी तशीच तार होती.

मुद्रण अखेर संगणकावर आले. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या, आणि ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांच्या 'प्रात' या विनामूल्य साधनात ते उघडून पाहिले. आजींचे तालव्य व दंततालव्य 'ज' पटावर स्वच्छ वेगळे दिसत होते. आजी खोली सोडण्याच्या आदल्या दिवशी मी जाऊन त्यांस तसे सांगितले. पहिल्या दिवशी दिलेला होकार खरा करण्यास मला सहा दिवस लागले होते. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांस यातून एवढेच सुचवावेसे वाटते, की फोन व संगणक यांची ओळख निघण्यापूर्वी, विभागात बसून करून घ्यावी, आणि एक मिनिटाची चाचणी-फाइल इकडून तिकडे नेऊन पाहावी. यंत्रांची जोडणी बिघडल्यास पुन्हा करता येते. रिकाम्या झालेल्या बोळातील बोलणे पुन्हा मुद्रित करता येत नाही.