कंबर दुखतेय? पिलाटिस करा, पण बदलून

आजचा विषय आपल्यासारख्या खुर्चीला चिकटलेल्यांचा. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण दोन वर्षं पिलाटिस करतोय आणि दुखऱ्या कंबरेसाठी आमच्या ट्रेनर व्यायामात काय काय बदलतात, ते रोज बघतोय.

जोसेफ पिलाटिस यांच्या १९४५ च्या पुस्तकात मॅटवरचे ३४ व्यायाम आहेत. पहिलाच 'हंड्रेड'. उताणं झोपायचं, डोकं-खांदे उचलायचे, सरळ पाय अधांतरी धरायचे आणि हात वरखाली हलवत १०० मोजायचे. आता पाय लांब केले की ते तरफेसारखं काम करतात. पोटाला तो भार पेलला नाही तर कंबर कमानीसारखी वर उचलली जाते आणि सगळा ताण तिथेच येतो. म्हणून माझे गुडघे वाकवलेले, पावलं जमिनीवर, डोकंही खाली. व्यायाम तोच, फक्त लोड कमी केलेला.

दुसरं, कशाने दुखतं ते बघायचं. पुढे वाकल्यावर दुखत असेल तर 'रोल-अप' सध्या बंद. मागे वाकल्यावर दुखत असेल तर 'स्वान' अगदी कमी उंचीचा. सगळ्यांना एकच यादी देणारा ट्रेनर दिसला की मला शंकाच येते.

आता ओटीपोटाखालचं दुखणं. यावर आपण, विशेषतः मुलगे, बोलतच नाही! क्लासमध्ये सारखं ऐकू येतं, "खालचे स्नायू आत खेचा, घट्ट धरा." पण काहींचे पेल्विक फ्लोअरचे स्नायू आधीच आवळलेले असतात. त्यांनी आणखी आवळले तर दुखणं वाढू शकतं. अशांना आधी श्वास शिकवतात: पोटऱ्या खुर्चीवर टेकवून झोपायचं, श्वास घेताना बरगड्या फुलू द्यायच्या, खालचा भाग सैल सोडायचा. स्नायू आवळलेत की कमजोर, हे मात्र पेल्विक फ्लोअरच्या फिजिओकडूनच तपासून घ्या, यूट्यूब बघून ठरवू नका.

बाळंतपणाच्या आधी-नंतर ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांत दुखत असेल, तर एका पायावर भार टाकणारे व्यायाम बऱ्याचदा त्रास देतात. तिथे दोन्ही पाय एकत्र, गुडघ्यांमध्ये उशी, हालचाल छोटी.

व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी आकडा कमी करा. पण बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, पायातली ताकद गेली, तर मॅट गुंडाळा आणि त्याच दिवशी, लगेच, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.