उंबऱ्याबाहेरचा सोबती

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची एक जुनी, शांत वस्ती आहे. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठांतील कोंदट गल्ल्यांतून लोकांनी मोकळ्या हवेत येऊन राहावे, या हेतूने ती आखली गेली. दगडी नंदीच्या ज्या देवळावरून तिला नाव मिळाले, तेथे कार्तिकातल्या अखेरच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. गांधी बाजारातील १९४३ सालच्या 'विद्यार्थी भवना'समोर डोशासाठी आजही रांग लागते. महाराष्ट्रातून गेलेल्या पाहुण्याला तर येथे एका संस्थेच्या दारावर नामदार गोखल्यांचे नाव वाचून आनंदच होतो. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. ग्रंथ, संगीत, देवदर्शन आणि कॉफी यांतच जिचा दिवस सरावा, अशी ही वस्ती.

या वस्तीच्या पूर्वेस लालबागेची प्रसिद्ध बाग पसरलेली आहे, आणि बागेच्या पलीकडच्या अंगास सिद्धापूरचे फाटक आहे. १९८९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, त्या फाटकाजवळ, भर सकाळी एका मोटारीवर गोळ्या झाडण्यात आल्या. मोटारीत एम. पी. जयराज होता. शहरातील टोळ्यांचा सर्वांत नावाजलेला दादा तो हाच. जामिनाच्या अटीप्रमाणे पोलीस ठाण्यात सही करावयास तो निघाला होता. तोवर बंगळूरच्या दादांचे हत्यार म्हणजे लांब सुरा. ही बंदुकीची भाषा शहराला नवी होती. जयराज जागीच संपला आणि त्याच्याबरोबर मोटारीत असलेला त्याचा वकीलही संपला.

जयराजविषयी पुष्कळ लिहिले गेले. वकिलाविषयी मात्र एवढेच, की तो बरोबर होता. टोळीच्या इतिहासात अशा 'बरोबर' असलेल्या माणसाला एखादेच वाक्य मिळते. वास्तविक टोळी उभी राहते ती त्याच्यासारख्यांच्या खांद्यावर. कोणी मोटार हाकतो, कोणी खोली भाड्याने घेऊन देतो, कोणी जामीन शोधतो, कोणी बातमी आणतो, कोणी चोरीचा माल आपल्या दुकानात ठेवून घेतो. यांतला एकही दादा नसतो. कित्येकांनी आयुष्यात कोणावर हातही उगारलेला नसतो.

या माणसाची जागा नेमकी कोणती, हे समजून घ्यावयाचे असेल तर अमेरिकेतील इटालियन टोळ्यांकडे पाहणे सोयीचे पडते. कारण आपल्याकडे जे सारे तोंडी आणि धूसर असते, ते त्यांनी जवळजवळ घटनेसारखे बांधून काढले. न्यू यॉर्कमध्ये १९३१ साली अशी पाच 'घराणी' स्थिर झाली. घराण्याचा एक मुख्य, त्याच्या हाताखाली दुय्यम, एक सल्लागार, मग तुकड्यांचे नाईक आणि सर्वांत खाली शिपाई. शिपाई होण्याकरिता रक्त इटालियन असावे लागे आणि दीक्षाविधी होई. बोटाला टोचून रक्त काढीत, तळहातावर कागद जाळीत आणि मौनाची शपथ देत. जोसेफ व्हलाची नावाच्या एका शिपायाने १९६३ साली अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे हे सारे उघड सांगितले, तेव्हा प्रथमच जगाला त्याची पक्की माहिती झाली.

पण शिपाई ही शेवटची पायरी नव्हे. तिच्याखाली उंबऱ्याबाहेर एक मोठा जमाव उभा असतो. त्यातल्या माणसाला तिकडे 'असोसिएट' म्हणतात. मराठीत त्याला सोबती म्हणावे. शिपायांहून सोबत्यांची संख्या कितीतरी जास्त. प्रत्येक सोबती कोणा ना कोणा शिपायाच्या नावावर असतो, आणि मिळकतीचा वाटा न चुकता वर पोचविणे हा त्याच्या जगण्याचा पहिला नियम. बदल्यात त्याला काय मिळते? दुसऱ्या टोळीने त्याला लुबाडू नये, एवढी हमी. शिपायाच्या अंगाला मुख्याच्या परवानगीवाचून कोणी हात लावू शकत नाही. सोबत्याला ते कवच नाही. उलट सोबत्याने शिपायावर हात उगारला तर त्याची किंमत प्राणांनी द्यावी लागे.

या लोकांची ओळख करून देण्याची रीत मराठी माणसाला विशेष लक्षात घेण्याजोगी वाटेल. दोन शिपायांची गाठ घालून द्यावयाची असेल तर तिसरा म्हणतो, 'हा आपला मित्र'. बरोबरचा इसम नुसता सोबती असेल तर म्हणतो, 'हा माझा मित्र'. इंग्रजीला 'आपला' आणि 'आमचा' हा भेद ठाऊक नाही. त्यामुळे त्या भाषेत हे सारे एका साध्या सर्वनामावर तोलून धरावे लागते. आपल्याकडे 'आपला माणूस' या दोन शब्दांत जे येते, नेमके तेच सोबत्याला कधी लाभत नाही. वर्षानुवर्षे पैसा पोचवूनही तो कोणाचा तरी 'माझा'च राहतो.

न्यू यॉर्कच्या हेन्री हिल याची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. त्याचा जन्म १९४३ चा, आई सिसिलीची आणि बाप आयरिश. घरासमोर टॅक्सींचा एक अड्डा होता. तो लुकेझी घराण्यातील व्हॅरिओ मंडळींचा. बारा वर्षांच्या सुमारास हेन्री तेथे निरोप पोचविणे, गाड्या लावणे अशी कामे करू लागला. पुढची पंचवीस वर्षे त्याने या मंडळींसाठी पैसा ओढला. पण बाप आयरिश म्हणून दीक्षेची दारे त्याला कायमची बंद होती. ज्याच्याबरोबर तो काम करी तो जिमी बर्कही आयरिशच, म्हणजे तोही सोबतीच.

११ डिसेंबर १९७८ रोजी न्यू यॉर्कच्या विमानतळावर लुफ्तान्सा कंपनीच्या मालगोदामावर दरोडा पडला. सुमारे ५० लाख डॉलर रोख आणि पावणेनऊ लाखांचे जडजवाहीर गेले. ही कल्पना सुचली कोणाला? गोदामातल्या एका नोकराला. जुगारात तो कर्जबाजारी झाला होता आणि बातमी विकून कर्ज फेडावे, असा त्याचा हिशेब होता. बातमी जुगार घेणाऱ्याकडे गेली, तेथून केसांचे टोप विकणाऱ्या एका दुकानदाराकडे, आणि त्याच्याकडून हिल व बर्क यांच्यापर्यंत. दरोडा पार पडला आणि मग माणसे एकामागून एक नाहीशी होऊ लागली. टोपांचा दुकानदार आपला वाटा मागत राहिला. १९७९ च्या जानेवारीत तो बेपत्ता झाला तो पुन्हा दिसलाच नाही. पुढच्या काही महिन्यांत दरोड्याशी संबंध असलेले आणखी कित्येक जण मारले गेले. न्यायालयाने या दरोड्याबद्दल शिक्षा दिली ती एकाच माणसाला: कर्जात बुडालेल्या त्या गोदामातल्या नोकराला. पुष्कळ वर्षांनी, २०१४ साली, बोनॅनो घराण्यातील एका दीक्षित माणसावर याच प्रकरणी खटला भरण्यात आला. २०१५ मध्ये तो निर्दोष सुटला.

हेन्री हिल १९८० साली मादक द्रव्यांच्या प्रकरणात सापडला. आपल्याच मंडळींकडून आपण मारले जाणार, हे उमगल्यावर तो सरकारचा साक्षीदार झाला. व्हॅरिओ १९८८ साली आणि बर्क १९९६ साली, दोघेही बंदिवासातच वारले. हिल मात्र २०१२ पर्यंत जगला, पण पूर्वीच्या ओळखीच्या एकाही रस्त्यावर उजळ माथ्याने चालणे त्याच्या नशिबी राहिले नाही.

आता पुन्हा बंगळूरकडे वळू. तेथे दीक्षाविधी नव्हता, घराणी नव्हती आणि रक्ताची अट तर मुळीच नव्हती. होते ते पत्त्यांचे क्लब, गावठी दारू, तेलाचा काळा धंदा आणि पुढे शहर वाढू लागल्यावर जमिनी. तेलावरून तर एका दादाच्या नावामागे 'ऑइल कुमार' असे बिरूदच लागले; १९९० साली त्याचाही खून झाला. जयराजचा आरंभ १९७० च्या दशकातला. त्या काळी राजकारणी मंडळींना रस्त्यावरचे बळ हवे होते आणि रस्त्यावरच्या बळाला राजकारण्यांचा आशीर्वाद. प्रतिस्पर्ध्यावर थेट न्यायालयाच्या आवारात हल्ला केल्याबद्दल जयराज दीर्घ काळ तुरुंगात राहिला, आणि बाहेर येऊन त्याने 'गरिबी हटाओ' नावाचे पत्रही काढले. दादाला छापखान्याचा मोह का व्हावा, हा स्वतंत्र चिंतनाचा विषय आहे.

पण विधी नसला तरी उंबरा होताच. त्याच्याकडे जाणारी वाट अगदी साध्या व्यवहारातून जाते. एखाद्या व्यापाऱ्याची उधारी बुडालेली असते. एखाद्या घरमालकाला भाडेकरू उठवावयाचा असतो, आणि दिवाणी दाव्याला वर्षे लागणार हे वकिलाने सांगितलेले असते. कोणीतरी सुचवितो, अमक्याला भेटा. काम आठवड्यात होते. त्याचा मोबदला मात्र एका रकमेत फिटत नाही. महिन्याभराने एक पोरगा येतो आणि म्हणतो, अण्णांचा एक माणूस दोन दिवस तुमच्या मागच्या खोलीत राहील. नाही म्हणणे आता कठीण असते. पहिल्या दिवशी जो गिऱ्हाईक होता तो असा हळूहळू सोबती होतो, आणि नेमक्या कोणत्या दिवशी झाला हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. देवळे आणि वाचनालये असलेल्या वस्त्या या वाटेवर नाहीत, असे समजण्याचे कारण नाही. घरे जुनी, भाडी जुनी आणि दावेही जुने, हे तर अशाच वस्त्यांचे लक्षण.

मुंबईने यासाठी एक स्वतंत्र शब्दच घडविला: पंटर. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटक्याचा पसारा वाढविला, तेव्हा आकड्यांच्या चिठ्ठ्या गोळा करणाऱ्या, पैसे वर पोचविणाऱ्या आणि छाप्यात पहिल्यांदा पकडल्या जाणाऱ्या माणसांची एक फौजच शहरात उभी राहिली. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगारांची चूल विझली, आणि गिरणगावातल्या चाळींत रिकाम्या हातांची तरुण मुले टोळ्यांना आयतीच सापडली. भायखळ्याच्या दगडी चाळीचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्या चाळीच्या आसऱ्याने चार पैसे मिळविणाऱ्या पोरांची नावे त्यांच्या आयांखेरीज फारशी कोणाच्या स्मरणात नाहीत.

सोबती कधी कधी उंबऱ्याच्या आतल्या माणसाचाही काळ ठरतो, हेही खरे. जयराजचा प्रतिस्पर्धी कोतवाल रामचंद्र हा १९८६ साली पोलिसांना चुकवीत तुमकूरच्या बाजूला एका मळ्यातल्या घरात लपला होता. तेथे त्याचा खून झाला, आणि तो केला त्याच्या आसपास वावरणाऱ्या माणसांनीच. त्यांपैकी एक, अग्नि श्रीधर, हे कायद्याचे विद्यार्थी म्हणून बंगळुरात आलेले. पुढे त्यांनी 'अग्नि' नावाचे कन्नड साप्ताहिक चालविले आणि 'दादागिरिय दिनगळु' या आत्मकथनात त्या दिवसांची हकीकत स्वतःच्या सहभागासह लिहिली. तिच्यावर २००७ साली 'आ दिनगळु' हा चित्रपट निघाला. दादाचे अंथरूण कोठे पडते आणि त्याला झोप केव्हा लागते, हे बाहेरच्या शत्रूपेक्षा सोबत्याला अधिक ठाऊक असते. म्हणूनच दादा सर्वांत जास्त संशय घेतो तो सोबत्यांचा, आणि तो संशय फेडण्यासाठी सोबत्याला नवनवे गुन्हे अंगावर घ्यावे लागतात.

टोळी ज्याला आपला मानीत नाही, त्याला कायदा मात्र पुरता टोळीचा मानतो. अमेरिकेने १९७० साली केलेल्या कायद्यात टोळीशी 'संबंधित' असलेला माणूस शब्दशः अंतर्भूत आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, ज्याला लोक 'मोक्का' म्हणतात, आणखी पुढे जातो. टोळीला साहाय्य करणाऱ्या माणसाशी, तो तसा आहे हे जाणून संबंध ठेवणे, हेही त्याच्या व्याख्येत अपप्रेरणेत बसते. अपप्रेरणेची किमान शिक्षा पाच वर्षे, कमाल जन्मठेप, आणि दंड पाच लाखांहून कमी नाही. टोळीच्या सदस्याला नुसत्या सदस्यत्वाबद्दल सांगितलेली शिक्षाही तितकीच. कर्नाटकाने २००० साली असाच कायदा केला, आणि २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेच्या १११ व्या कलमाने संघटित गुन्हेगारीची कल्पना साऱ्या देशाच्या दंडविधानात आली.

कर्नाटकात याखेरीज पोलीस ठाण्यातली वही आहे. तिला तेथे 'रावडी शीट' म्हणतात. एकदा तीत नाव चढले की निवडणूक असो वा सण, बोलावणे येते. मैदानात ओळीने उभे करून अधिकारी एकेकाला विचारतो, सध्या काय करतोस, कोठे राहतोस, कोणाबरोबर असतोस. त्या ओळीत पोरसवदा चेहरे असतात, तसेच केस पिकलेलेही असतात. ज्याच्या नावावर त्यांनी कधीकाळी वसुली केली तो दादा बहुधा केव्हाच मेलेला असतो. वहीतले नाव आपोआप पुसले जात नाही. त्यासाठी पोलीस अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि तो नाकारला गेला तर उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्या अर्जात पहिली गोष्ट सांगावी लागते ती हीच, की अर्जदाराचा कोणत्याही टोळीशी आता काही संबंध उरलेला नाही.