काटकसर नव्हे, अपव्ययमुक्ती

धर्मादाय रुग्णालयाच्या जमाखर्चात वाया गेलेल्या गोष्टींसाठी स्वतंत्र रकाना नसतो. मुदत संपलेले औषध, अहवाल न सापडल्याने दुबार करावी लागलेली तपासणी, बिल तयार होईपर्यंत अडकून राहिलेली खाट यांचा खर्च अन्य बाबींतच मिसळून जातो. तो शोधून कमी करण्याच्या ‘लीन’ कार्यपद्धतीची माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्तेष्ट यांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू.

ही पद्धत टंचाईतून जन्मास आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा कंपनीपाशी मोठा साठा बाळगण्याइतके भांडवल नव्हते. तेथील अभियंते ताइइची ओनो यांनी लागेल ते, लागेल तेव्हा व लागेल तेवढेच बनविण्याची व्यवस्था बसविली. अनावश्यक वाहतूक, जादा साठा, व्यर्थ हालचाल, प्रतीक्षा, गरजेपेक्षा अधिक उत्पादन, निरर्थक प्रक्रिया आणि सदोष काम असे अपव्ययाचे सात प्रकार त्यांनी मांडले. गुणवत्तेची शिस्त भारतातही रुजू शकते, हे सुंदरम-क्लेटन कंपनीच्या ब्रेक विभागास १९९८ साली लाभलेल्या डेमिंग पारितोषिकाने सिद्ध झाले.

रुग्णालयात तिचे स्वरूप साधे आहे. भांडारात नित्य वापराच्या प्रत्येक वस्तूचे दोन डबे ठेवावयाचे. पहिला रिकामा होताच मागणीपत्र जाते व तोवर दुसरा पुरतो. ज्या औषधाची मुदत आधी संपते ते पुढे मांडावयाचे. उद्या घरी जाणाऱ्या रुग्णाची कागदपत्रे आदल्या सायंकाळीच पूर्ण करावयाची, म्हणजे सकाळी खाट लवकर मोकळी होते.

मात्र कारखान्याचा नियम रुग्णालयास जसाच्या तसा लावता येत नाही. अल्प साठा तेथेच शोभतो, जेथे पुरवठा वेळेवर होतो. आपल्याकडे रस्ते, वीज व पुरवठादार यांची तशी शाश्वती नसते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत देशभर प्राणवायूसाठी झालेली धावपळ सर्वांच्या स्मरणात आहे. म्हणून प्राणवायू, रक्त व जीवरक्षक औषधे यांचा राखीव साठा आम्ही अपव्यय मानीत नाही. तसेच परिचारिकांची संख्या घटविणे म्हणजे ‘लीन’ नव्हे. त्यांची भांडारापर्यंतची पायपीट वाचवून तो वेळ रुग्णाच्या उशाशी देणे, हा तिचा खरा अर्थ.

यात पणास लागलेली गोष्ट केवळ पैशाची नाही. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, अशी तरतूद २००६ पासून अमलात आहे. खाटांची संख्या तीच राहिली, तरी प्रत्येक खाट काही तास आधी मोकळी झाल्यास बाहेर ताटकळणाऱ्या आणखी एखाद्या गरजूस आत घेता येते. देणगीचा रुपया असा दोनदा उपयोगी पडतो. रुग्णांच्या नातेवाइकांनी कोठे विनाकारण थांबावे लागले, हे सूचनापेटीत अवश्य लिहावे. कारण प्रतीक्षा प्रथम जाणवते ती त्यांनाच.