सदतीस की त्र्याहत्तर?

माझी पुतणी दुसरीत आहे. परवा दादाने तिला पाटीवर 'सदतीस' लिहायला सांगितले. तिने ७३ लिहिले. दादाचा पारा चढला. "आकडे येत नाहीत, पाढे येत नाहीत, शाळेत करतात काय?" जूनपासून तिला इंग्रजी शाळेत घालायचे, हे त्याने तिथेच ठरवून टाकले. आमच्या कर्जत-खालापूरकडे बहुतेक घरांत पोराचे गणित असे पाढ्यांवरच जोखतात.

वास्तविक ही चूक शब्दाने करवलेली. 'सदतीस' म्हणताना सात आधी येतात, लिहिताना तीन आधी. 'एकोणतीस'मध्ये ऐकू येतात तीस आणि लिहायचे वीस नि नऊ! ही अडचण ओळखून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तीस सात' अशी वाचनाची रीत दिली गेली. त्यावर केवढा गदारोळ झाला. विधिमंडळातही थट्टा झाली. जुने शब्द काढलेले नाहीत, हे गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या. पण ऐकतो कोण?

शाळेत संख्या काड्यांनी शिकवतात. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे दशक, सुट्या त्या एकक. बेचाळीसातून सतरा काढायचे, तर दोन सुट्यांतून सात निघत नाहीत. मग एक गठ्ठा सोडायचा, म्हणजे सुट्या बारा होतात. आम्ही नुसते 'हातचा एक' घोकले. तो कुणाच्या हातातला, हे कोणी सांगितले नाही. पाढे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. त्यांच्यावाचून पुढे गुणाकार-भागाकार अडतो. पण २००५ पासून खेड्यांत घरोघरी होणाऱ्या 'असर' पाहणीतही मुलांना पाढे विचारत नाहीत. संख्या ओळखायला, वजाबाकी आणि भागाकार करायला सांगतात.

आमची आई शाळेची पायरी चढलेली नाही. उन्हाळ्यात कर्जत स्टेशनबाहेर ती करवंदे विकते. पस्तीस रुपये झाले आणि गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली, तर ती वजाबाकी करीत नाही. पाचाचे नाणे ठेवून 'चाळीस', दहाची नोट ठेवून 'पन्नास', पन्नासाची ठेवून 'शंभर'. हिशेब संपला.

त्या रात्री आईने बटवा पोरीपुढे ओतला. "मी गिऱ्हाईक. सदतीस झाले, ही घे पन्नासाची नोट." पोरीने थोडा वेळ बोटे मोडली. मग एकेक करून रुपयाची तीन नाणी ठेवली, नंतर दहाची नोट.

"अरे, हिला येतंय की," आई म्हणाली.

दादा काही बोलला नाही. सकाळी पुन्हा त्याने बेचा पाढा विचारलाच. जूनला अजून दोन महिने आहेत.